टुंग टुंग टुंग!

पहाटे साडेपाच. चिंचवडहून गोरेगावच्या एक्झिबिशनला निघालेला आमच्या ऑफिसचा पिकअप. मागे स्टॉलच्या फ्रेम्स, फ्लेक्स, स्पॉटलाइट्स; पुढे ड्रायव्हरकाका आणि अर्धवट झोपेत मी. आणि आमच्या सोबतीला टुंग टुंग टुंग! म्हणे दार उघडं आहे. अहो, बंद होतं! मी तीनदा आपटून पाहिलं.

"वाजू द्या मॅडम, रोजचंच आहे. रविवारी बझरची वायरच कापून टाकणारे," काका म्हणाले.

बेल्ट लावायला गेले, तर बकलमध्ये आधीच एक क्लिप. नुसती क्लिप, बेल्ट नाहीच! त्याचं असं आहे, की या सीटवर एरवी ड्रिलची पेटी बसते. सीटमधल्या सेन्सरला वजन कळतं, पण पेटी कोण आणि प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर कोण, ते कळत नाही. (आमच्या बॉसलाही कळत नाही, पण ते जाऊ दे.) पेटी ठेवली की बेल्टचा बझर सुरू. त्यावर काकांचा हा जुगाड.

हसू नका, तुमच्यातल्या कित्येकांच्या कारमध्येही हेच असेल. 1 जुलै 2019 पासून नव्या कार्समध्ये पुढच्या दोन्ही सीट्ससाठी बेल्टचा बझर कंपल्सरी झाला. शिवाय ताशी 80 ओलांडली की इशारा, 120 नंतर तर तो थांबतच नाही. आणि आपण काय केलं? क्लिपा मागवल्या! शेवटी मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या विक्रीतून काढायला लावावं लागलं.

तर, मीही क्लिप काढली नाही. पहाट होती, आळस होता. खंडाळ्याच्या उतारावर पुढच्या ट्रेलरने करकचून ब्रेक मारला, मागोमाग काकांनी. मी सीटवरून घसरले ती गुडघ्यांवर डॅशबोर्डला. कपाळ आणि काच यांच्यात वीतभर अंतर. दार मात्र टुंग टुंग करतच होतं.

घाट उतरेपर्यंत कुणीच बोललं नाही. खालापूरला चहा घेताना मी विचारलं, "काका, तुम्ही आधी मोठा ट्रक चालवायचात ना? त्याला नव्हता बझर?"

"होता की! एअर ब्रेकचा. टाकीतली हवा कमी झाली की वाजायचा. मग गाडी साइडला. हवा भरेपर्यंत चाक हलवायचं नाही."

"त्याची वायर नाही कापलीत?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चहात मीठ मागितलंय. "तो खोटं बोलत नव्हता मॅडम. ही बया दिवसभर खोटं बोलते."

मुद्दा होता! एक बझर सकाळ-संध्याकाळ खोटा वाजणार, मग दुसरा खरा वाजला तरी ऐकणार कोण?

रविवारी वायर कापली गेली नाही. दाराच्या चौकटीतला बटणासारखा स्विच धुळीने अडकला होता. मेकॅनिकने तो साफ केला, दहा मिनिटांत काम फत्ते. क्लिप काकांनी स्वतःच डब्यात टाकली.

आता मी नसते तेव्हा ड्रिलची पेटी बेल्ट लावून बसते. गाडी गप्प, पेटीही घसरत नाही. परवा टोलनाक्यावर एका हवालदाराने आत डोकावून पेटीकडे पाहिलं आणि काकांना विचारलं, "पाहुणे कुठले?"