चाफ्याची शेंग तोडू नका



एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या गावच्या कब्रस्तानात अब्बांच्या कबरीजवळ पांढऱ्या चाफ्याचं जुनं झाड आहे. खोड पोकळ झालंय, पुढचं वादळ ते सोसेल असं वाटत नाही. यंदा त्याला शिंगांसारखी एक जोडशेंग लागली आहे. घरातले म्हणतात, शेंग तोडून टाका. त्या विचारतात, "बी पेरलं तर हेच झाड पुन्हा मिळेल का?"

हेच झाड मिळणार नाही, त्याचं लेकरू मिळेल. लेकरू आईसारखंच दिसेल असं नाही. फुलाचा रंग, आकार, सुगंध यांत फरक पडू शकतो. अगदी हेच झाड हवं असेल तर फांदी लावावी लागते. माझा सल्ला असा, की दोन्ही करा.

फांदी उन्हाळ्यात घ्यावी. हात-दीड हात लांबीची जून फांदी धारदार चाकूने कापून पानं काढून टाकावीत. कापलेला भाग सावलीत आठ-दहा दिवस सुकू द्यावा, मगच पाणी न साचणाऱ्या मातीत लावावी. मुळं धरेपर्यंत पाणी बेतानंच. फांदी कापताना निघणारा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, त्वचेलाही त्रास होतो. मुलांना लांब ठेवा.

आता शेंगेकडे वळू. आपल्याकडची बहुतेक चाफ्याची झाडं फांद्यांपासूनच वाढलेली असतात, म्हणून चाफ्याला बी येतच नाही असं अनेकांना वाटतं. शेंग दुर्मीळ असण्याचं कारण मोठं गमतीचं आहे. चाफ्याच्या फुलात मध नसतो. रात्री सुगंधावर भुलून मोठे पतंग येतात, मधाच्या शोधात या फुलावरून त्या फुलावर जातात आणि जाता जाता परागकण पोचवतात. बिचाऱ्यांना मिळत काहीच नाही. एवढ्या फसवणुकीतून एखादीच शेंग धरते.

ती पिकायला आठ-नऊ महिने, कधी त्याहून जास्त लागतात. हिरवी शेंग तोडली तर बी कच्चंच राहतं. शेंग तपकिरी-काळी पडून शिवणीवर उकलू लागली की ती पिकली असं समजावं. पण उकलली की पंख असलेल्या बिया वाऱ्यावर उडून जातात. म्हणून शेंग रंग बदलू लागताच तिच्यावर मलमलच्या कापडाची किंवा जाळीची सैल पिशवी बांधावी. हवा खेळती राहील आणि बियाही पिशवीतच पडतील.

बिया कागदावर पसरून सावलीत काही दिवस वाळवा. फुगीर, भरलेल्या बिया ठेवा, पोचट काढून टाका. कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहिली तर बुरशी धरते. पाकिटावर झाड कुठलं आणि शेंग कधी पिकली हे लिहा. वर्षभराने कुणालाही ते आठवत नाही. बी जितकं ताजं तितकं चांगलं उगवतं, म्हणून फार दिवस राखून ठेवू नका.

पेरताना बी काही तास कोमट पाण्यात भिजवा. फुगीर टोक खाली, पंख वर, आणि पंखाचा शेंडा मातीबाहेर राहील असं उभं लावा. ऊब मिळाली तर एक ते तीन आठवड्यांत कोंब दिसतो. फुलासाठी मात्र तीन वर्षं किंवा त्याहून अधिक वाट पाहावी लागते. फांदीला फूल त्यापेक्षा लवकर येतं.

एका शेंगेत वीस-तीस, कधी त्याहून जास्त बिया निघतात. सगळ्या आपल्याच कुंडीत लावायच्या नसतात. बहिणीला द्या, शेजारी द्या, शाळेत द्या. प्रत्येक रोप वेगळं निघेल. फांदीचं झाड आपल्याला जुनी ओळख परत देतं. बियांचं झाड कसं फुलेल हे मात्र ते फुलल्यावरच कळतं.