लायसन, व्हिसा आणि प्रतापगडचा मित्र

गेल्या गुरुवारी रात्री बारा वाजता मला गाडी चालवता येईनाशी झाली.

म्हणजे हात-पाय शाबूत आहेत, डोळेही चष्म्यासकट ठीक आहेत. अमेरिकेतल्या या छोट्याशा गावात गेली तीन वर्षं रोज गाडी चालवतोय. एक पार्किंगचं तिकीट सोडलं तर नावावर काही डाग नाही. पण माझ्या लायसनवर जी एक्सपायरी डेट छापलीय, ती माझ्या डोळ्यांची किंवा हातपायांची नाही, माझ्या व्हिसाच्या मुदतीची आहे. एचवनबीच्या एक्स्टेन्शनचा अर्ज कंपनीने वेळेत टाकलाय, पावती हातात आहे, पण निर्णय आलेला नाही. आणि माझ्या बायकोची मुदत माझ्या मुदतीला बांधलेली, त्यामुळे तिचंही लायसन त्याच रात्री, त्याच मिनिटाला बाद. सिंड्रेलाच्या भोपळ्यासारखं. फरक इतकाच की आमची गाडी गाडीच राहिली आणि भोपळे आम्ही झालो.

शुक्रवारी सकाळी लेकीची दोन महिन्यांची लस होती. दवाखाना चौदा मैलांवर. बस नाही, रिक्षा तर नाहीच. शेवटी टीममधला एकजण मीटिंग सोडून आला आणि घेऊन गेला. मागच्या सीटवर लेकीला धरून बसलो होतो आणि डोक्यात एकच चक्र चालू होतं. मजा अशी आहे की एक्स्टेन्शनचा अर्ज वेळेत गेला असेल तर जुनी मुदत संपल्यावरही २४० दिवसांपर्यंत त्याच कंपनीत काम करायची मला कायद्याने मुभा आहे. म्हणजे नोकरी करा, टॅक्स भरा, फक्त नोकरीवर पोचू नका! काही राज्यांत पावती दाखवली की लायसनची मुदत वाढवून देतात. आमच्या खिडकीवरच्या बाईंनी पावती बघितली, कॉम्प्युटरकडे बघितलं आणि म्हणाल्या, सिस्टीम नाही म्हणतेय. आता 'सिस्टीम नाही म्हणतेय' हे वाक्य मी स्वतः क्लायंटला इतक्या वेळा ऐकवलंय की भांडायलाही तोंड उरलं नाही :-)

रात्री घरी फोन केला. आमचं घर साकोली तालुक्यात, जिल्हा भंडारा. बाबांना सगळं सांगितलं. त्यांना आधी काही उमगेना.

"गाडी तुझी न?"

"हो."

"चालवता येते न?"

"येते."

"मंग काहून बसून रायला घरी?"

मी पुन्हा समजावलं. इथे मी परदेशी, राहायचा कागद संपला की लायसन संपतं, वगैरे. बाबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे तुझ्या त्या प्रतापगडच्या दोस्तासारखं झालं."

आणि मला एकदम लाज वाटली.

प्रतापगड आमच्याकडून फार लांब नाही. नवेगावबांधच्या बाजूला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते, तिथलंच ते. १९५९ नंतर तिबेटमधून जे लोक भारतात आले, त्यातल्या काहींची वसाहत १९७२ साली इथे झाली. नाव नोरग्येलिंग, पण आपल्याकडे सगळे 'तिबेटी कॅम्प' म्हणतात. तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला, तरी तिबेटी लोकांच्या बोलण्यात आणि कागदात ती वसाहत अजून 'भंडारा'च आहे. विदर्भातल्या ज्या कुणी लहानपणी थंडीत तिबेटी बायकांच्या दुकानांतून घासाघीस करून स्वेटर घेतलंय, त्यांना हे लोक परके वाटायचं कारण नाही. बाकीच्या दिवसांत ते आपल्यासारखेच धानाची शेती करतात, आपल्यासारखीच पावसाची वाट बघतात.

माझा हा मित्र तिथला. नाव सांगत नाही. इंजिनियरिंगला आम्ही एका मोठ्या शहरात एकत्र होतो. जन्म इथला, शाळा इथली, मराठी माझ्याइतकीच चांगली (शिव्या माझ्यापेक्षा जास्त). शेतात ट्रॅक्टर चालवून हात तयार झालेला. आणि मी? चाकामागे बसलो की घाम फुटणारा. सेकंड इयरला दोघांनी ठरवलं, लायसन काढायचं. माझं काम ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने करून दिलं. मैदानात गाडी जेमतेम शंभर मीटर पुढे नेली, साहेबांनी वर न बघता सही केली, झालं. रिव्हर्स मला येत नव्हता, तो आजतागायत कुणी विचारलेला नाही.

मित्राच्या अर्जाशी मात्र गाडी अडली. त्याच्याकडे भारताचा पासपोर्ट नाही, मतदार यादीत नाव नाही. होतं ते परदेशी म्हणून नोंदणी केल्याचं प्रमाणपत्र, ज्याला ते लोक नुसतं 'आरसी' म्हणतात. तिबेटी लोकांचा राहण्याचा मुख्य कागद तोच. ठराविक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. खिडकीवरच्या माणसाला वाटलं आरसी म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन. म्हणाला, "गाडीची नको, तुझी कागदपत्रं दे." आम्ही खूप हसलो. मित्रही हसला. दुसऱ्या खेपेला 'तुमच्या देशाचा पासपोर्ट आणा' असं सांगितलं. तेव्हा तो हसला नाही. आणि मी काय म्हणालो माहितीये? "कशाला डोकं लावतोस बे, एजंटला दोन हजार दे न."

त्याने दिले नाहीत. म्हणाला, "तू पैसे देऊन सापडलास तर दंड भरशील. मी सापडलो तर काय भरू?" ते वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. गेल्या गुरुवारी कळलं.

आता मुद्द्यावर येतो. लायसन या गोष्टीत मुळात दोन प्रश्न आहेत. एक, या माणसाला गाडी चालवता येते का? दोन, हा माणूस कोण आहे आणि काही झालं तर सापडेल कुठे? हे दोन्ही प्रश्न रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या हिताचे आहेत, त्यांची कडक उत्तरं घ्यायलाच हवीत. पण सरकारं त्यात हळूच तिसरा प्रश्न घुसडतात, हा आपला आहे का? आणि मग तिसऱ्याचं उत्तर अडलं की पहिले दोन विचारलेच जात नाहीत. आमच्या भाषेत याला टाईट कपलिंग म्हणतात. एका मॉड्यूलमधे बिघाड झाला की त्याच्याशी काहीही संबंध नसलेलं दुसरं मॉड्यूल कोसळतं. असा कोड ज्युनियरने लिहिला तर आपण रिव्ह्यूमधे परत पाठवतो.

गंमत म्हणजे आपला कायदा या बाबतीत शहाणा आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ९ काढून बघा. लायसनसाठी अर्ज कोण करू शकतो? अपात्र न ठरलेली 'कोणतीही व्यक्ती', जिथे ती साधारणपणे राहते किंवा धंदा करते त्या भागातल्या कार्यालयाकडे. २०१९ च्या दुरुस्तीने तर राज्यातलं कुठलंही कार्यालय चालतं. 'नागरिक' हा शब्द तिथे नाही. कलम १४ मधे मुदत मोजलीय तीही वयावरून. तिशीच्या आत काढलं तर चाळिशीपर्यंत. आधारचंही तसंच, आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेला रहिवासी एवढीच मूळ अट, नागरिकत्वाचा तो पुरावाच नव्हे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनी माणूस बघितला, खिडकीवर बसलेल्याला कागद दिसला.

मित्राला लायसन मिळालं तेही असंच. चौथ्या खेपेला एक वयस्कर अधिकारी भेटले. त्यांनी कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं, कलम वाचलं आणि खालच्या माणसाला विचारलं, "यात नागरिक कुठे लिहिलंय?" बस. मग टेस्ट झाली आणि तो अर्थातच माझ्यापेक्षा भारी चालवून पास झाला. मला त्या अधिकाऱ्यांबद्दल आदर आहे, पण असा माणूस भेटेल की नाही यावर कुणाचं लायसन ठरू नये.

यावर दोन आक्षेप येणार, मला माहितीये. पहिला म्हणजे, मग नागरिकत्वच का घेत नाही? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मधे सांगितलं की २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्माने भारतीय नागरिक आहेत. म्हणजे पुष्कळांना वाट आहे. पण ज्यांनी परत जायच्या आशेवर दोन-तीन पिढ्या काढल्या, त्यांच्यासाठी हा साधा फॉर्म नाही. कुणी घेईल, कुणी घेणार नाही. तो त्यांच्या घरात बसून, आजी-आजोबांशी बोलून घ्यायचा निर्णय आहे. लर्निंग लायसनच्या रांगेत उभं राहून मायदेशाचा निकाल लावायला सांगणं हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्लेखोरांपैकी बऱ्याच जणांकडे अमेरिकन राज्यांची लायसन किंवा ओळखपत्रं होती. त्यातूनच २००५ चा रिअल आयडी कायदा आला आणि परदेशी माणसाच्या लायसनची तारीख त्याच्या मुक्कामाच्या तारखेला जोडली गेली. विमानतळावर दाखवायचं ओळखपत्र काटेकोर असावं, हे मान्य. पण मग ते ओळखपत्र वेगळं करा की! कॅलिफोर्नियाने साधारण तेच केलं. जानेवारी २०१५ पासून तिथे वैध कागद नसलेल्यांनाही परीक्षा घेऊन लायसन मिळतं, फक्त त्यावर केंद्राच्या कामांसाठी चालणार नाही अशी खूण असते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मधे त्याचा परिणाम तपासला. अपघात वाढले नव्हते आणि ठोकून पळून जाणारे कमी झाले होते. साधी गोष्ट आहे, ज्याला लायसनमुळे थांबायची भीती उरत नाही, तो थांबतो.

आणि इथे मला अमेरिकेला एक श्रेय दिलंच पाहिजे. तीन वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा खिशात भारतातलं ते शंभर मीटरवालं लायसन होतं. पहिल्या टेस्टमधे इंडिकेटर द्यायला गेलो आणि वायपर चालू झाले (इथे दांडा उलट्या बाजूला असतो). चार रस्त्यांच्या स्टॉपवर गाडी पूर्ण थांबवली नाही म्हणून नापास. दुसऱ्यांदा पास झालो, रिव्हर्ससकट. त्या परीक्षकाने मी कुठला, कधी परत जाणार, काही विचारलं नाही. त्याने फक्त माझ्या हातांकडे आणि आरशांकडे बघितलं. लायसन कसं द्यावं ते त्या माणसाला बरोबर कळलं होतं. माझ्या देशाने मला ते न बघता दिलं, या देशाने बघून दिलं आणि मग भलत्याच कारणाने काढून घेतलं. दोन्हीकडे चूक तीच, गाडी चालवण्याशी संबंध नसलेल्या गोष्टीवर निर्णय.

काल मित्राला फोन केला. तो आता नागपूरला नोकरी करतो, थंडीत सुट्टी काढून आईच्या स्वेटरच्या दुकानाचा माल गाडीतून पोचवतो. सगळं ऐकून आधी तो खो खो हसला. हक्क आहे त्याचा. मग म्हणाला, "सोमवारी पुन्हा जा. पावती, अर्जाची कॉपी, नियमाची प्रिंट, सगळं ने. आणि खिडकी बदल. एक माणूस नाही म्हणाला तर दुसऱ्याकडे जायचं."

मी गमतीत विचारलं, "एजंट बघू का बे?"

"तू परदेशी आहेस आता," तो म्हणाला. "नीट रांगेत उभा राहा."

प्रिंट काढून ठेवल्यात. सोमवारी आठ वाजता शेजारी सोडणार आहे.