पानातले मॅग्नेशियम, दप्तरातले झाड

भोपाळच्या तुलसी नगर आणि शिवाजी नगर या जुन्या सरकारी वसाहतींतील सुमारे 29 हजार झाडे तोडून तेथे मंत्र्यांचे व आमदारांचे बंगले उभारण्याचा प्रस्ताव जून 2024 मध्ये पुढे आला, तेव्हा रहिवासी स्त्री-पुरुष बुंध्यांना कवटाळून उभे राहिले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. निकाल समाधानाचा खराच. परंतु एका झाडाच्या मोबदल्यात अमुक रोपे लावली की जमाखर्च जुळला, हा जो हिशेब अशा प्रसंगी सरकारी दप्तरातून हटकून निघतो, तो अद्याप रद्दबातल झालेला नाही, आणि रसायनशास्त्राच्या कसोटीस तो मुळीच उतरत नाही.

पानातील हरितद्रव्य हे धातूचे जटिल संयुग आहे. त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एकच अणू, आणि भोवतालच्या विशाल वलयातील चार नायट्रोजन आपली इलेक्ट्रॉन-युग्मे त्याच्याकडे वळवून त्यास धरून ठेवतात. हेच मॅग्नेशियम जुलाबाच्या मिठातही असते. तेथे मात्र सूर्यप्रकाशाचे त्यास काहीएक सोयरसुतक नसते. या रंगद्रव्यांचा उलगडा करणाऱ्या रिचर्ड विल्श्टेटर यांना 1915 चे नोबेल पारितोषिक मिळाले. वलयाची ही पकड आम्लापुढे सुटते. झाकण ठेवून फार वेळ शिजविलेली पालेभाजी काळपट पडते ती त्यामुळेच. (उघड्या पातेल्यात भाजी शिजविण्याचा आग्रह धरणाऱ्या आज्यांना हे कोणी शिकविले, ते मात्र कोणत्याच ग्रंथात सापडत नाही.)

जवळजवळ त्याच घडणीच्या वलयात लोह बसले की ते आपल्या रक्तातील हीम होते. प्रथिनाने पाचवी बाजू सांभाळलेल्या या लोहाच्या सहाव्या, मोकळ्या जागी प्राणवायू अलगद बसतो आणि अलगद उतरतो, आणि तीच जागा कार्बन मोनॉक्साइड दोनशेहून अधिक पट आसक्तीने बळकावतो. लोहाचे निराळे रूप भोपाळ शहराने 2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोगले: युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, आणि टाकीच्या झिजेतून सुटलेल्या लोहाने आतील मिथिल आयसोसायनेटच्या उष्णताजनक अभिक्रियेस चेव आणला, असे तपासाअंती शास्त्रज्ञांनी मांडले. धातू तोच, त्यास कोणी व कसे वेढले आहे, यावर तो श्वास पुरवील की उत्पात माजवील, हे ठरते.

म्हणजे नग मोजून पदार्थाचा गुण कळत नाही, आणि झाडाचाही कळत नाही. रोपाच्या पानातही हेच हरितद्रव्य असते हे कबूल. पण चार पानांचे रोप आणि अनेक दशके वाढून रस्त्यावर सावली धरणारा कडुनिंब यांस दप्तरात एकाच रकान्यात बसविणे ही शुद्ध फसवणूक होय. यापुढे वृक्षतोडीचा कोणताही अर्ज तोडल्या जाणाऱ्या झाडांचा पर्णविस्तार चौरस मीटरांत नमूद केल्याशिवाय दाखल करून घेऊ नये, आणि तुलसी नगरच्या रहिवाशांनी, प्रस्ताव मागे गेला म्हणून स्वस्थ न बसता, ही मागणी नगर निगमाकडे आताच लेखी नोंदवावी.