मुलींचा राग कोण ऐकणार?

रोजेदाराशी कुणी भांडायला आले, तर आपण रोज्याने आहोत एवढे सांगून त्याने बाजूला व्हावे, ही पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण. उभ्याने राग आला तर बसावे, तरी शमला नाही तर आडवे व्हावे, वजू करावा, असेही हदीसमध्ये येते. राग आधी शरीरातून उतरवायचा! आजचे समुपदेशकही हेच सांगतात: मुठी आवळल्या, श्वास चढला की ओळखा, थांबा, मग बोला.

पण निरीक्षणगृहातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला हे कोण शिकवणार? तिने ताट भिरकावले की ती 'उद्धट' ठरते. त्या ताटामागे मारझोड असेल, लादलेले लग्न असेल, हे कुणी विचारत नाही. महाराष्ट्रात 20 ते 24 वयोगटातील सुमारे 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. अशा मुलीला नुसते सब्र शिकवणे म्हणजे गप्प बसवणे. सब्र आणि मुकाट्याने सोसणे यांत फरक आहे, आणि तो मुलींच्या बाबतीत सोयीस्कर विसरला जातो.

2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 53 मध्ये मुलाच्या गरजेनुसार समुपदेशनाची तरतूद आहे. शिस्तीसाठी मारणाऱ्या कर्मचाऱ्याला कलम 82 खाली शिक्षा आहे. मात्र समुपदेशन म्हणजे महिन्यातून एक व्याख्यान नव्हे. तीच बाई दर आठवड्याला यावी, तेव्हा कुठे मुलगी तोंड उघडते. शिवाय भाषा? नांदेड जिल्ह्यात देगलूरकडे तेलुगू, किनवटकडे गोंडी, तांड्यांवर गोरमाटी आणि मुस्लिम मोहल्ल्यांत दखनी. राग मायबोलीतच येतो. छापील मराठीतल्या प्रश्नावलीला तो काय सापडणार?

कायद्याने निरीक्षणगृह एका जिल्ह्यासाठी किंवा जिल्ह्यांच्या गटासाठी असू शकते. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांत मुली मोजक्याच; त्यामुळे नांदेड-लातूरची मुलगी घरापासून लांब पाठवली गेली, तर रोजंदारीवरची आई एक दिवसाची मजुरी बुडवून, बसभाडे भरून किती वेळा भेटणार? आईशी समोरासमोर बोलणे हा तर या उपचाराचा अर्धा भाग.

रमजानमध्ये अशा संस्थांना खजूर, फळे द्यायला अनेक हात पुढे येतात. ती द्यावीतच. सोबत, संस्थेच्या परवानगीने, दखनी बोलणाऱ्या एका प्रशिक्षित समुपदेशक बाईचे वर्षभराचे मानधन आणि चार-पाच आयांचे बसभाडे सदक्यातून उभे करणे मोहल्ल्याला अवघड नाही. ईदनंतरचे अकरा महिने तो खर्च चालू राहायला हवा.