मलाक्क्याचे क्रिस्तांग लोक

नकाशा समोर घ्या. बंगालचा उपसागर ओलांडून पूर्वेकडे गेले की मलायाचे लांबट द्वीपकल्प दिसते. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर मलाक्का नावाचे जुने बंदर आहे. आज ते मलेशियात मोडते. पाचशे वर्षांपूर्वी तेथे सुलतानांचे राज्य होते. गुजराती, अरब, चिनी आणि जावाचे व्यापारी लवंग, जायफळ, कापड यांचा व्यापार करण्यासाठी तेथे येत. १५११ साली पोर्तुगीज सरदार अफोन्सो द आल्बुकर्क याने हे बंदर जिंकले. आदल्याच वर्षी त्याने गोवा घेतला होता. आपल्या हापूस आंब्याच्या नावात याच अफोन्सोचे नाव दडले आहे, असे म्हणतात.

पोर्तुगाल हा देश लहान. तिकडून इतक्या दूर स्त्रिया क्वचितच येत. म्हणून आल्बुकर्कने आपल्या शिपायांना स्थानिक स्त्रियांशी लग्ने करण्यास उत्तेजन दिले. या लग्नांतून जी संतती झाली, तिचे वंशज म्हणजे आजचे क्रिस्तांग लोक. 'क्रिस्तांग' या शब्दाचा अर्थच ख्रिस्ती. धर्माने ते रोमन कॅथलिक आहेत. त्यांची डि सिल्वा, डि कोस्टा, मोंतेरो ही आडनावे वसई-गोव्याकडच्या माणसाला ओळखीची वाटतील.

विद्यार्थी मित्रांनो, मला या लोकांची सर्वांत मोठी कमाई वाटते ती त्यांची भाषा. तिचे नावही क्रिस्तांगच. तिच्यातले बहुतेक शब्द पोर्तुगीज आहेत, पण ते वाक्यात बसतात मलायी पद्धतीने. घराला पोर्तुगीजप्रमाणे 'काझा' म्हणायचे. पण अनेक घरे सांगायची तर मलायी माणसासारखे शब्द दोनदा उच्चारून 'काझा-काझा' म्हणायचे. पोर्तुगीज क्रियापदांची लांबलचक रूपे या लोकांनी सरळ गाळून टाकली. 'कुमी' म्हणजे खाणे. 'एली जा कुमी' म्हणजे त्याने खाल्ले, 'एली ता कुमी' म्हणजे तो खात आहे, आणि 'एली लोगू कुमी' म्हणजे तो खाईल. क्रियापद जागचे हलत नाही. व्याकरणाच्या तासाला कंटाळणाऱ्या मुलांना ही भाषा फार आवडेल!

पोर्तुगीजांचे राज्य तेथे फार टिकले नाही. १६४१ मध्ये डचांनी मलाक्का घेतले. १८२४ च्या तहाने ते इंग्रजांकडे गेले आणि १९५७ मध्ये मलाया स्वतंत्र झाला. राज्यकर्ते तीनदा बदलले तरी ही भाषा घरात आणि मासेमारीच्या होड्यांवर जिवंत राहिली. तिला दरबार नव्हता, शाळा नव्हती, छापखाना नव्हता. इतकेच काय, डच घराण्यांतली काही मुलेसुद्धा ती बोलू लागली.

हे बहुतेक लोक गरीब कोळी होते. दोन बांबूंना जाळे बांधून, उथळ पाण्यातून ते ढकलत ते बारीक कोळंबी पकडत. आपल्या कोकणात तिला जवळा म्हणतात, तिकडे 'गेरागो'. शहरातले लोक या कोळ्यांनाही 'गेरागो' म्हणून चिडवीत. १९३० नंतरच्या दशकात दोन पाद्र्यांच्या प्रयत्नाने उजोंग पासिर येथे समुद्रकाठी सुमारे २८ एकर जागा मिळाली आणि त्यांची वसाहत उभी राहिली. जूनच्या २९ तारखेला, कोळ्यांचा संत पीटर याच्या सणाला, तेथे होड्या रंगवून सजवतात. उपवासाच्या काळाआधी 'इंत्रुदू' येतो. त्या दिवशी एकमेकांवर पाणी उडवतात.

आज प्रवासी या वसाहतीत जातात तेव्हा त्यांना रंगीत घागऱ्यांतील पोर्तुगीज लोकनृत्ये दाखवतात. हीच क्रिस्तांग संस्कृती, असे समजून ते छायाचित्रे काढून परततात. खरे पाहता ही नृत्ये १९५० च्या दशकाच्या आरंभी, पोर्तुगालचे एक मंत्री भेटीला येणार म्हणून, शिकून घेतलेली आहेत. नाच शिकण्यात वाईट काही नाही. पण या लोकांची किंमत त्यांच्यात पोर्तुगाल किती उरला आहे यावर ठरवणे मला पटत नाही. त्यांचा खरा ठेवा मिसळून तयार झालेला आहे. त्यांची 'कारी देबाल' पाहा. नाताळातील उरलेले मांस, युरोपची मोहरी आणि सिरका, आणि मलायाचा वाटलेला मसाला एकाच भांड्यात शिजतो. त्यांचा 'सुगी' केक रव्याचा असतो. सुगी म्हणजे आपली उर्दूतली सूजीच. शब्दही असेच फिरले आहेत. पोर्तुगीज शब्द उर्दूत नीलाम झाला, मराठीत लिलाव आणि मलायीत लेलोंग. अलमारी आणि गिरजा हे शब्दही मलायीत थोड्या फरकाने सापडतील.

मग अशी भाषा मागे का पडली? पुष्कळांनी तिला मोडकी पोर्तुगीज म्हटले, आणि हळूहळू बोलणाऱ्यांनाही ते खरे वाटू लागले. इंग्रजी शाळेत मुलांचे नुकसान होईल, या भीतीने आईबाप घरात इंग्रजी बोलू लागले. त्यांची भीती खोटी नव्हती, कारण नोकरी इंग्रजीवरच मिळे. पण इंग्रजी शिकण्यासाठी घरची भाषा सोडावी लागत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी दखनी बोलतात. तिच्यातला 'नक्को' मराठीतून आला, आणि शब्दावर जोर देणारा 'च' सुद्धा. शहाणी माणसे तिला अशुद्ध उर्दू म्हणून हसतात. आपल्या रायगड जिल्ह्यातील कोर्लई गावात तर पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिसळणीतून झालेली भाषा आहे. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये तो भाग सोडला, तरी ती आजही बोलली जाते. ही भाषा मोडकी मराठी नव्हे आणि मोडकी पोर्तुगीजही नव्हे.

क्रिस्तांग भाषेचे व्याकरण ॲलन बॅक्स्टर या अभ्यासकाने लिहिले. ते १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९५ मध्ये जोन मार्बेक या लेखिकेने 'उंगुआ आदांझा', म्हणजे 'एक वारसा', हे पुस्तक काढले. २०१६ मध्ये सिंगापुरात काही तरुणांनी 'कोद्रा क्रिस्तांग' या नावाने वर्ग सुरू केले. कोद्रा म्हणजे जागे व्हा. या वर्गांना क्रिस्तांग नसलेले लोकही आले. मात्र जाळ्यांची, वाऱ्यांची, भरती-ओहोटीची नावे वहीत सहसा सापडत नाहीत. ती मलाक्क्याच्या म्हाताऱ्या कोळ्यांच्या तोंडी आहेत, आणि त्यांच्या वसाहतीसमोरच्या समुद्रात भराव पडत गेला आहे.