सगळ्यांचा रेझ्युमे सेम, मग तुमचा कोणता?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे डिग्रीच्या अभ्यासक्रमातच आता इंटर्नशिप आणि ऑन जॉब ट्रेनिंगचे क्रेडिट्स आलेत. म्हणजे पूर्वी लास्ट इयरनंतर आठवणारा रेझ्युमे आता कॉलेजात असतानाच लागतो. मग आपण काय करतो? चॅटजीपीटीला सांगतो, 'बनवून दे!'

वर्गातल्या साठ जणांनी हेच केलं, की साठही जण 'हार्डवर्किंग' आणि 'टीम प्लेअर' ठरतात. निवडणाऱ्याला फरक दिसत नाही आणि मग ओळख चालते. ज्याचा काका कंपनीत आहे, त्याचं कसंही जमतं. ज्याची ओळख नाही, त्याच्या हातात फक्त हे एक पान असतं. ते वाया गेलं, तर फटका त्यालाच बसतो.

म्हणून विशेषणं खोडा, काम लिहा. नुसतं 'एनएसएस व्हॉलंटिअर' का? दोन वर्षांत २४० तास दिलेत ना! सात दिवसांच्या शिबिरात किती जणांच्या जेवणाचा हिशेब सांभाळलात, तेही लिहा. घरच्या दुकानाची बिलं, स्टॉक तुम्ही बघता? लाजू नका, तोही अनुभवच आहे. जात, उंची, वडिलांचा व्यवसाय मात्र काढून टाका; हा लग्नाचा बायोडेटा नाही. आणि न केलेलं काही लिहू नका, मुलाखतीत नेमकं तेच विचारलं जाऊ शकतं.

पाठवण्याआधी एक टेस्ट करा. नाव झाकून रेझ्युमे मित्राला वाचायला द्या. 'अरे, हा तर तूच!' असं तो म्हणाला, तरच सेंड करा.