गाडी उंच झाली, स्टिअरिंगचं काय?

ऑफ-रोडिंगवाल्या मित्रांचे फोटो आठवा. हे मोठ्ठे टायर, पुढे विंच, उंच उचललेली जीप आणि डोळ्यांवर गॉगल. टशन एकदम सॉलिड! पण त्या फोटोत एक गोष्ट कधीच दिसत नाही, कारण ती बघायला गाडीखाली झोपावं लागतं. स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा एक साधा लोखंडी दांडा. ड्रॅग लिंक. तुमचे हात आणि पुढची चाकं यांच्यातलं नातं या एका दांड्यावर टिकलेलं असतं.

ही अक्कल मला पुण्यात नाही, शिरड शहापूरला मिळाली. हिंगोली जिल्ह्यातलं, औंढा नागनाथ तालुक्यातलं गाव. मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे लांबलांबून लोक इथे येतात. बाकी सगळा काळ्या मातीचा मुलूख. पावसाळ्यात शेतरस्त्यावर ही माती चाकाला अशी धरते, की दोन चाकांच्या जोरावर चालणारी जीप जागच्या जागी फिरत बसते. माझ्या आयटीतल्या मित्राचं हे गाव. घरच्या जुन्या महिंद्रा जीपला फोर बाय फोर करायचं त्याने मनावर घेतलं. भंगारात निघालेल्या जीपचा फ्रंट एक्सल मिळाला, ट्रान्स्फर केस मिळाली. एक्सल बसला, नवे पाटे टाकले, गाडी ऐटीत उंच झाली. आणि मग कळलं, जुनी ड्रॅग लिंक आखूड पडतेय.

मित्राचा उपाय तयार होता. दांडा मधून कापायचा, तुकडा घालायचा, वेल्डिंग मारायचं. अर्ध्या तासाचं काम. गॅरेजवाल्या मामांनी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "लेका, इथं वेल्डिंग मारून चालत नसतंय. बंपर तुटला तर आवाज होतोय. हे तुटलं तर स्टिअरिंग नुसतं हातात राहतंय."

बॉस, यावर काय बोलणार?

मामांचं पुढचं लेक्चर मात्र इंजिनिअरिंग कॉलेजपेक्षा भारी होतं. फंडा असा. स्टिअरिंग बॉक्स चासीला बोल्ट केलेला असतो, म्हणजे तो जागेवर. चाकं एक्सलवर, आणि एक्सल पाट्यांवर वरखाली नाचणार. ड्रॅग लिंक या दोघांना जोडते. खड्ड्यात एक्सल ज्या कमानीत वरखाली होतो, साधारण त्याच कमानीत लिंकचं टोक फिरलं तर काही बिघडत नाही. पण गाडी उंच केल्यामुळे लिंक जास्त तिरकी झाली, की दोन कमानी जुळत नाहीत. मग प्रत्येक खड्ड्यात लिंकच चाकाला ढकलते नाहीतर ओढते. तुम्ही स्टिअरिंग घट्ट धरून बसलाय आणि गाडी स्वतःच्या मनाने वळतेय! याला म्हणतात बंप स्टिअर.

म्हणजे प्रश्न नुसत्या लांबीचा नव्हता, कोनाचा पण होता. नव्या एक्सलच्या नकलवर लिंक जोडायची जागा जुन्यापेक्षा वेगळी होती. शिवाय आता मध्ये डिफरेन्शियलचा गोळा आला. स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि पाटे पूर्ण दबले, तरी कुठला दांडा त्याला घासायला नको. मामांनी नकलवरचा आर्म उंचीला बदलून घेतला, म्हणजे लिंक पुन्हा बरीचशी आडवी झाली. नवी लिंक नांदेडच्या लेथवर जाड सीमलेस पाइपची करून आणली. एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. पाइप फिरवला की लांबी कमीजास्त होते, कुठेही वेल्डिंग नाही. बॉल जॉइंटचा टेपर भोकात नीट बसतो का ते तपासलं, लॉकनट आवळले, कॉटर पिन नव्या टाकल्या.

मग परीक्षा. चाकं सरळ असताना स्टिअरिंग बॉक्स बरोबर मध्यावर हवा, नाहीतर गाडी एका बाजूला जास्त वळते आणि दुसरीकडे कमी. टो-इनसाठी टायरवर खडूच्या खुणा करून पुढून आणि मागून टेप लावला. किंगपिन थोडी मागे झुकलेली आहे ना, ते बघितलं. हा झुकाव, म्हणजे कॅस्टर, गेला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि गाडी रस्त्यावर भटकते. शेवटी स्टिअरिंग दोरीने बांधलं आणि जॅकने चासी हळूहळू वरखाली केली. चाकं जवळजवळ हलली नाहीत. मामा पहिल्यांदा हसले. अर्ध्या तासाचं काम चार दिवस चाललं.

आता तुमच्यातले थारवाले विचारतील, आमचं काय? 2020 च्या थारमध्ये पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे. तिथे अखंड एक्सल बसवायचा, तर नुसती लिंक बदलून भागत नाही. नव्या थारची रॅक काढून वेगळा स्टिअरिंग बॉक्सच लावावा लागतो. रील तीस सेकंदांची असते, काम नाही.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल मालकाला मनाने करता येत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच बजावलं. म्हणजे एक्सलचे पैसे मोजण्याआधी आरटीओत जाऊन विचारायचं. अपघात झाला, तर इन्शुरन्सवालेही पहिला प्रश्न हाच विचारणार.

मित्र आता कागद घेऊन हिंगोलीला खेपा घालतोय. तोवर जीप बांधापलीकडे जाणार नाही, असं त्याच्या आईनेच जाहीर केलंय. हळद घेऊन वसमतच्या बाजाराला याच जीपने जायचं तिच्या मनात आहे, पण ती घाईत नाही.

तुमच्याही गाडीखाली असा बदल झाला असेल, तर या वीकएंडला गॉगल काढा आणि खाली झोपा. एकाला स्टिअरिंग डावीउजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही एकेक जॉइंट बघा. कुठे खटखट आवाज, कुठे ढिला नट, कुठे वेल्डिंगचा डाग? दिसला तर चावी खिशात आणि गाडी घरात. फोटो पुढच्या आठवड्यात काढता येतील.